काळोख कसा कोरतात: मेणबत्तीच्या उजेडातली डच छापचित्रं बघायला शिकताना

सतराव्या शतकातल्या हॉलंडची रात्रीची छापचित्रं, म्हणजे तांब्याच्या पत्र्यात खाचा करून कागदावर उठवलेली चित्रं, पहिल्यांदा बघणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: "यात काही दिसतच नाही हो!" तक्रार खोटी नाही. कागद बघावा तर पोस्टकार्डाएवढा. त्यातला बराचसा काळा. मध्येच कुठेतरी एक ज्योत आणि तिच्या आजूबाजूला नाक, गाल, पुस्तकाचं पान, बाहीची घडी असले तुकडे. पुस्तकात पुढच्याच पानावर व्हर्मीरचं रंगीत चित्र असताना या काळ्या चिटोऱ्यावर कोण थांबणार?

मीही थांबले नव्हते. थांबायला शिकले ती बऱ्याच चुका करून, आणि त्यातल्या निदान चार-पाच तुम्हाला टाळता याव्यात म्हणून हा लेख. चित्रकलेचं शिक्षण लागत नाही. एक मेणबत्ती, एक भिंग आणि इंटरनेट असलं की भागतं. फक्त घाई करू नका. एका चित्राला एक संध्याकाळ द्या.

पायरी १: आधी मेणबत्ती, चित्र नंतर

रात्री जेवणं उरकली की खोलीतले सगळे दिवे घालवा आणि टेबलावर एकच मेणबत्ती लावा. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पण तेव्हा आपलं सगळं लक्ष वीज कधी येते याकडे होतं. आता दहा मिनिटं उजेडाकडे बघा.

ज्योतीच्या आत काहीच दिसत नाही, ती नुसती उजळ असते. मेणबत्तीपासून वीतभर अंतरावर पुस्तक धरलं तर अक्षरं लख्ख दिसतात; दोन विती लांब नेलं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणून टेबल उजळतं आणि पलीकडची भिंत अंधारातच राहते. समोर कोणी बसलं असेल आणि ज्योत हनुवटीच्या खाली असेल, तर नेहमीच्या सावल्या उलट्या होतात, नाकाची सावली कपाळाकडे चढते. भिंतीवरची सावली माणसापेक्षा मोठी पडते आणि तो मेणबत्तीकडे सरकला की आणखी फुगते. आता ज्योतीपुढे तळहात धरा. तुमच्या बाजूने हात काळाकुट्ट दिसेल, बोटांच्या कडा मात्र तांबूस.

एवढं वहीत टिपून ठेवा. डच छापचित्रकारांनाही हेच सांगायचं होतं. त्यांच्याकडे तांबूस रंग तेवढा नव्हता. काळी शाई आणि कागद, बस.

पायरी २: एकच चित्र घ्या

सुरुवातीला रेम्ब्रांटचं मेणबत्तीपाशी वाचत बसलेल्या विद्यार्थ्याचं एचिंग (पत्र्यावरच्या रेघा आम्लाने खोदून केलेलं छापचित्र) घ्या. साधारण १६४२ सालचं. जेमतेम पंधरा सेंटिमीटर उंच, तेरा रुंद. टेबलाशी एक माणूस बसलाय, समोर पुस्तक, डोकं हातावर टेकलेलं, जवळ मेणबत्ती. बाकी अंधार. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याने ज्याने पुस्तकापुढे कपाळाला हात लावला असेल त्याला ही बैठक ओळखीची वाटेल.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात अशा चित्रांच्या मोठ्या प्रतिमा फुकट बघता येतात. कलाकाराच्या नावासोबत इंग्रजीत 'कँडललाइट' किंवा डचमध्ये 'कार्सलिख्त' हा शब्द घालून शोधा. मोबाइलपेक्षा लॅपटॉप बरा.

माझी पहिली चूक इथेच झाली होती. चित्र काळं दिसतंय म्हणून मी स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला. झालं काय, तर काळ्याचा करडा झाला आणि विद्यार्थ्याची रात्र ढगाळ दुपारसारखी दिसू लागली. उजेड स्क्रीनचा वाढवायचा नाही, खोलीतला कमी करायचा. डोळ्यांना सरावायला तीन-चार मिनिटं लागतात. मग मागचा अंधार हळूहळू उलगडायला लागतो.

पायरी ३: कोरा कागद शोधा

आता ज्योतीवर झूम करा आणि स्वतःला विचारा: इथे चित्रकाराने काय काढलंय?

उत्तर आहे: जवळजवळ काहीच नाही. ज्योत म्हणजे शाई न लागलेला कागद. रंगचित्रात चित्रकार पिवळा-पांढरा रंग कुंचल्यावर घेऊन सगळ्यात शेवटी ज्योत ठेवू शकतो. आपल्या छापचित्रकाराला ती सोय नाही. त्याच्याकडे पांढरी शाई नाही. त्याला ज्योत पहिल्यापासून राखावी लागते, शेतात पेरणी करताना पायवाट राखतात तशी. ज्योत सोडून उरलेला सगळा कागद त्याला काळा करायचा असतो, आणि तोही एकसारखा नाही: जवळचा थोडा कमी काळा, लांबचा दाट, सावलीतला त्याहून दाट.

म्हणून ही चित्रं बघताना मी उजेडाकडे फार वेळ देत नाही. उजेड ही फुकटची गोष्ट आहे. सगळी मेहनत काळोखात आहे, आणि चित्रकार कसा आहे हे काळोखातच कळतं.

चित्रातले अगदी कोरे पांढरे तुकडे मोजा. चांगल्या रात्रीच्या चित्रात ते फार थोडे निघतात: ज्योत, पुस्तकाच्या पानाचा कोपरा, कुणाच्या कॉलरची कड. सामान्य कलाकाराच्या चित्रात पांढरं सगळीकडे सांडलेलं असतं.

पायरी ४: काळोख कशाने केलाय ते ओळखा

इथे जरा जास्त वेळ बसू या, कारण या पायरीनंतर चित्र कायमचं बदलतं.

छाप उठवायची तर तांब्याच्या सपाट पत्र्यात खाचा हव्यात. खाचांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. खाच जिथे, काळं तिथे. या खाचा करण्याचे चार मार्ग तुम्हाला भेटतील.

पहिला एचिंगचा. पत्र्यावर मेण, राळ, डांबर अशा मिश्रणाचा पातळ थर देतात, त्यावर सुईने ओरखडून रेघा काढतात आणि पत्रा आम्लात ठेवतात. थर निघालेल्या जागी आम्ल तांबं खातं. यात एक तपशील मला फार आवडतो. त्या काळी हा थर दिल्यावर पत्रा उलटा धरून खालून जळत्या मेणवातीची काजळी देत, म्हणजे थर काळाभोर व्हायचा आणि सुईची प्रत्येक रेघ तांब्याच्या झळाळीने चमकायची. म्हणजे हे चित्रकार काळ्यावर उजळ रेघा काढत होते आणि छापल्यावर त्याच रेघा काळ्या होत होत्या. डावं-उजवंही उलटं होत होतं. मेणबत्तीचं चित्र काढायला बसलेल्या माणसाच्या हत्यारांतच मेणबत्ती होती.

भिंगाखाली एचिंगची रेघ ओळखायला सोपी: जाडी बहुतेक सारखी, टोकं बोथट, वळणं हाताने लिहिल्यासारखी मोकळी. रेम्ब्रांटचा काळोख असा हजारो रेघांच्या जाळ्यावर जाळी टाकून झालाय. लांबून काळी भिंत, जवळून वेताच्या खुर्चीसारखी वीण.

दुसरा एन्ग्रेव्हिंगचा, म्हणजे थेट कोरण्याचा. ब्युरिन नावाची तिरप्या टोकाची पोलादी कोरणी तांब्यात ढकलत न्यायची. दाब वाढवला की रेघ जाड, सैल केला की बारीक, शेवटी सुईसारखं टोक. ही रेघ शिस्तीची असते. हिचा रात्रीसाठी सर्वोत्तम उपयोग केला तो हेन्ड्रिक खाउट याने. हा पुढे उट्रेख्तला स्थायिक झाला. तरुणपणी रोममध्ये आडाम एल्सहायमर या जर्मन चित्रकाराच्या सहवासात राहिला आणि त्याच्याच छोट्या चित्रांवरून त्याने एन्ग्रेव्हिंग केली. आयुष्यभरात फक्त सात! पण त्या सातांनी पुढच्या पिढीला रात्र कशी छापायची ते दाखवलं.

त्यातलं १६१० चं सेरेस देवीचं चित्र उघडा. पुराणकथा रोमन आहे: हरवलेल्या मुलीला शोधत फिरणारी देवी तहानेने व्याकूळ होऊन एका म्हातारीच्या झोपडीपाशी थांबते, घटाघटा पाणी पिते, आणि तिथलं एक पोर तिला हसतं. देवी त्याची पाल करून टाकते, पण ते पुढचं. चित्रात दिसतं ते खेड्यातलं दार, म्हातारीच्या हातातली मेणबत्ती, देवीची मशाल आणि वर चंद्र. तीन उजेड, तिन्हींची ताकद वेगळी. भिंगाखाली बघा: अंधारात रेघा इतक्या जवळजवळ आहेत की दोन रेघांमधला कागद केसाएवढा उरलाय, आणि उजेडाकडे येताना त्याच रेघा निमुळत्या होत विरतात. पैठणीचा काठ विणताना धागे मोजणाऱ्या माणसाचीच चिकाटी.

तिसरा मार्ग ड्रायपॉइंट. आम्ल नाही, कोरणी नाही. टोकदार सुईने तांब्यावर सरळ ओरखडायचं. नांगराच्या तासाला जशी कडेने माती वर येते तशी रेघेच्या कडेला तांब्याची कीस उभी राहते. ती शाई धरते आणि छापात रेघेभोवती मऊ, मखमली काळं उमटतं. रेम्ब्रांट एचिंगवर हे वापरून सावल्या गडद करायचा. ही कीस नाजूक, दाबयंत्राखाली थोड्याच छापांत झिजते. म्हणून ड्रायपॉइंटचे पहिले छाप आणि नंतरचे छाप यांत जमीनअस्मानाचा फरक.

चौथा मार्ग मेझोटिंट, आणि याची जन्मकथा या विषयाला अगदी शोभणारी आहे. १६४२ साली लुडविख फॉन सीगन नावाच्या हौशी माणसाने ॲमस्टरडॅमहून हेसेच्या जर्मन दरबारी पत्र पाठवलं आणि सोबत एका छापचित्राच्या प्रती. हे कसं केलंय ते कुणाला उमगणार नाही, असा त्याचा दावा होता, कारण त्यात रेघाच नव्हत्या. पुढे पद्धत स्थिरावली ती अशी: पाळण्यासारखं झुलवायचं दातेरी धारेचं एक हत्यार पत्र्यावर सगळ्या दिशांनी फिरवायचं, पत्रा पूर्ण खरखरीत करायचा. असा पत्रा छापला तर निव्वळ काळोख येतो. मग जिथे उजेड हवा तिथे खरखर खरवडून, घोटून गुळगुळीत करायची. जितकं गुळगुळीत तितकं पांढरं.

आधीचे तिन्ही मार्ग पांढऱ्याकडून काळ्याकडे जातात, हा काळ्याकडून पांढऱ्याकडे. आणि याची सुरुवात ॲमस्टरडॅममध्ये होतेय, त्याच सुमाराला जेव्हा त्याच शहरात रेम्ब्रांट रेघांवर रेघा चढवून विद्यार्थ्याची रात्र तयार करतोय. दोघांची भेट झाली असेल का, असं मनात येतं, पण त्या वाटेला जायचं नाही.

मेझोटिंटचं पहिलं मोठं दुकान मांडलं वालेराँ व्हाय्याँ याने. हा लीलचा, पण स्थायिक ॲमस्टरडॅमला. दोनशेहून जास्त मेझोटिंटं त्याच्या नावावर आहेत. मेणबत्तीला हे तंत्र पाण्याला उतार मिळावा तसं मिळालं. लायडनच्या खेरिट डाउ याने रंगचित्रांत मेणबत्तीची हौस लावली, त्याचा शिष्य खोडफ्रीड स्खाल्केन याने तर तेच आपलं नाव केलं, आणि त्याच्या चित्रांवरून मेझोटिंटं निघाली. त्यातली चांगली काही लंडनच्या जॉन स्मिथने काढलेली आहेत. स्खाल्केनबद्दल एक किस्सा सांगतात: इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचं चित्र काढताना त्याने राजालाच मेणबत्ती धरायला लावली आणि वितळलेली चरबी राजाच्या बोटांवर ओघळेपर्यंत काम चालू ठेवलं. खरा असो-नसो, चित्रं बघितल्यावर पटतो.

ओळखण्याची खूण साधी. भिंगाखाली रेघा दिसल्या नाहीत, नुसते रवाळ ठिपके दिसले की मेझोटिंट.

पायरी ५: ज्योत कुठे लपवलीय?

वर म्हटलं की कोऱ्या कागदाहून पांढरं काही नाही. मग ज्योत झगझगीत वाटावी कशी? युक्ती अशी की ज्योतीच्या अगदी पुढ्यात काहीतरी काळं आणायचं. कधी पाठमोरा खांदा, कधी हात, कधी कंदिलाची जाळी. आपल्याला ज्योत दिसत नाही, तिचा उजेड ज्यांच्यावर पडला ते चेहरे दिसतात, आणि डोळा आपोआप ज्योत मोठी करून घेतो.

पहिल्या पायरीत तुम्ही ज्योतीपुढे तळहात धरला होता तो यासाठी. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र आठवा, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे ते. तिथेही दिव्यापुढचा आडोशाचा हात हेच काम करतो. हळदणकरांनी ते डचांकडून घेतलं असं मी म्हणत नाही. दिव्यापुढे हात धरणाऱ्याला हे घरबसल्या दिसतं.

प्रत्येक चित्रात दोन प्रश्न विचारा. ज्योत दिसते की झाकलीय? आणि झाकणारी वस्तू ज्योतीपासून किती लांब आहे? उजळ चेहऱ्यासमोर एखादी पाठमोरी काळी आकृती सापडली की समजा, कलाकाराला काम येत होतं.

पायरी ६: घर वाचा

आता तंत्र बाजूला ठेवा आणि घरात शिरा.

आपण मेणबत्ती म्हणतो, पण डच घरांत रोज जळायची ती बहुतेक जनावरांच्या चरबीची. मधमाश्यांच्या मेणाची महाग. चरबीची मेणबत्ती धुरकट, वासाची, आणि तिची वात सारखी छाटावी लागे, नाहीतर काजळी धरून ज्योत फडफडायची. त्यासाठी कात्रीसारखा चिमटा असे, छाटलेला तुकडा पडू नये म्हणून वर छोटी डबी लावलेला. चित्रात टेबलावर कात्री दिसली तर ती शिंप्याची समजू नका. यान लाउकेन आणि त्याचा मुलगा कास्पर यांनी १६९४ मध्ये शंभर व्यवसायांची एचिंगं प्रसिद्ध केली, त्यात मेणबत्त्या करणाराही आहे. हाताला तुपकट वास येणारा धंदा.

तेव्हा रात्री उजेड ही खर्चाची बाब होती. एका मेणबत्तीभोवती चार माणसं बसलेली दिसतात ती चित्राच्या सोयीसाठी नाही, दुसरी लावायची नाही म्हणून. रस्त्यावरही तेच. यान फान डर हाइडन या चित्रकाराने, जो कल्पक यंत्रकारही होता, तेलाच्या कंदिलांची योजना दिली आणि १६६९ पासून ॲमस्टरडॅमचे रस्ते पद्धतशीर उजळायला लागले. रेम्ब्रांट त्याच वर्षी गेला. म्हणजे त्याच्या छापचित्रांतली रात्र ही जुनी, ज्याचा त्याने कंदील धरून चालायची रात्र आहे.

त्या रात्रीचं सगळ्यात गोड चित्र म्हणजे राजांचा तारा. ६ जानेवारीच्या सणाला, ख्रिस्ताला भेटायला आलेल्या तीन राजांच्या आठवणीत पोरं कागदाचा मोठा तारा करत, आत दिवा ठेवत, काठीला लावून दारोदार गाणी म्हणत आणि खाऊ-पैसे गोळा करत. आपला आकाशकंदील काठीला बांधून भोंडल्याच्या खिरापतीसाठी फिरवावा, तसं काहीसं. रेम्ब्रांटने १६५१ च्या सुमाराला हे एचिंग केलं, आडवं, तळहाताएवढं. तारा सोडला तर जवळपास सगळं काळं. त्याच्या आधी हार्लेमच्या यान फान दे फेल्दे धाकटा याने पीटर मोलाइन याच्या चित्रावरून हाच विषय छापला होता. दोन्ही शेजारी उघडून बघा. एकाने गोष्ट सांगितलीय, दुसऱ्याने रात्र. माझं मत रेम्ब्रांटला, पण लहान मुलांना दाखवायचं असेल तर फान दे फेल्देचं दाखवा, त्यांना माणसं सापडतात.

मेणबत्ती कधीकधी टोमणाही असते. उट्रेख्तच्या कोर्नेलिस ब्लुमार्टने एक घुबड कोरलंय, चष्मा आणि पेटत्या मेणबत्तीसकट. डच म्हण अशी की घुबडाला बघायचंच नसेल तर मेणबत्ती आणि चष्मा काय कामाचे? आपल्याकडे गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता, तसंच. पण प्रत्येक मेणबत्तीत आयुष्य क्षणभंगुर असल्याचा संदेश शोधत बसू नका. पुष्कळदा ती वाचायला लावलेली मेणबत्ती असते.

तुलनेसाठी आद्रियान फान ओस्टाडेची शेतकरी कुटुंबांची एचिंगं बघा, १६४७ चं कुटुंबाचं किंवा १६५३ चं जेवणाआधीच्या प्रार्थनेचं. घर तेच, वस्तू त्याच, दिवसाउजेडी. रात्र झाली की यातलं काय काय नाहीसं होईल, याचा अंदाज करायचा.

पायरी ७: एकाच पत्र्याच्या अनेक रात्री

पत्रा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. कलाकार काही प्रती काढतो, पुन्हा पत्र्यावर काम करतो, पुन्हा छापतो. अशा प्रत्येक टप्प्याला अवस्था म्हणतात. रात्रीच्या चित्रांत अवस्था बघण्यासारखं सुख नाही, कारण डोळ्यांसमोर अंधार पडत जातो.

रेम्ब्रांटचं बाळ ख्रिस्ताला घेऊन इजिप्तला पळून जाणाऱ्या कुटुंबाचं १६५१ चं रात्रीचं एचिंग घ्या: गाढव, वर आई आणि मूल, पुढे कंदील घेतलेला बाप. विषय धार्मिक, पण कंदिलाच्या उजेडात रस्ता शोधणारं घरच ते. पहिल्या आणि शेवटच्या अवस्था शेजारी ठेवा. बाळ ख्रिस्ताला बघायला आलेल्या मेंढपाळांच्या त्याच्याच रात्रीच्या चित्राचंही तसंच. शेवटाकडे तर कंदिलाशिवाय फारसं काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट रेम्ब्रांट करायचा: शाई पुसताना मुद्दाम थोडी पत्र्यावर ठेवायचा. एका प्रतीत जास्त, दुसरीत कमी. त्यामुळे एकाच पत्र्याच्या, एकाच अवस्थेच्या दोन प्रतींत संध्याकाळ आणि मध्यरात्र एवढा फरक पडतो. ही पातळ शाईची झाक बघून मी एकदा "प्रत मळलीय" असं वहीत लिहून ठेवलं होतं. ते पान अजून आहे.

कागदही बघा. १६४७ च्या आसपासपासून रेम्ब्रांट काही प्रती जपानी कागदावर काढू लागला. पिवळसर, मऊ, शाई अलगद पिणारा. हा कागद डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून यायचा, कारण तेव्हा जपानशी व्यापार करणारे युरोपीय ते एकटेच होते. त्याच कंपनीची वखार त्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला होती. तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. रात्रीच्या चित्राला या कागदाची पिवळसर झाक मेणबत्तीचा रंगच देऊन जाते.

पायरी ८: तळाची अक्षरं

छापाच्या खालच्या कडेला बारीक लॅटिन शब्द असतात, बहुधा तोडून लिहिलेले. पाचच लक्षात ठेवा. 'इन्व्हेनिट' म्हणजे कल्पना याची. 'पिन्क्सिट', मूळ चित्र याने रंगवलं. 'स्कल्प्सिट', याने कोरलं. 'फेकिट', याने केलं. 'एक्सकुडिट', याने प्रसिद्ध केलं. एका मेणबत्तीमागे तीन-तीन माणसं सापडतात, आणि आपण ज्याचं कौतुक करत असतो तो नेमका कोण हे इथे ठरतं.

दुसऱ्याच्या चित्रावरून केलेल्या छापात माणसं डावखुरी दिसली तर दचकू नका. छाप उलटा येतो.

पायरी ९: स्वतः एक करून बघा

तांबं आणि आम्ल नको. जाड कागद घ्या, कोळशाच्या कांडीने पूर्ण काळा करा, कापडाने चोळा. समोर मेणबत्ती आणि एक वाटी ठेवा. आता पेन्सिल न घेता खोडरबर घ्या आणि फक्त उजेड खोडून काढा. सगळ्यात पांढरं ज्योतीसाठी राखा, वाटीच्या कडेला त्याहून कमी, टेबलाला आणखी कमी. हे घरगुती मेझोटिंट. पहिल्या प्रयत्नात तुम्ही हमखास फार खोडाल, सगळेच खोडतात.

दुसऱ्या दिवशी तेच दृश्य पांढऱ्या कागदावर बॉलपेनने, नुसत्या आडव्या-उभ्या रेघांनी. हे रेम्ब्रांटच्या बाजूचं. अर्ध्या तासाने हात भरून येईल आणि कागद अजून करडाच असेल. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधला छापचित्रं शिकणारा कोणी ओळखीचा असेल तर एकदा दाबयंत्र चालताना बघून या. ओला कागद पत्र्यावरून सोलतानाचा क्षण व्हिडिओत कळत नाही.

पायरी १०: फसू नका, आणि खरी प्रत कशी बघायची

रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'चं नाव ऐकून ते रात्रीचं चित्र समजू नका. १६४२ चं हे रंगचित्र दिवसाचं आहे. वरचा वॉर्निश काळवंडला आणि नाव पडलं. म्हणजे काळं तेवढी रात्र नव्हे.

विकत घ्यायचा मोह झाला तर आणखी सावध. रेम्ब्रांटने केलेल्या तीनशेच्या आसपास एचिंगांपैकी ऐंशीएक पत्रे आजही शिल्लक आहेत, आणि त्यांतल्या अनेकांवरून तो गेल्यावरही छाप निघत राहिले. पॅरिसच्या बासाँ या व्यापाऱ्याने अठराव्या शतकात असे पुष्कळ काढले. एकोणिसाव्या शतकात आमाँ-द्युराँने फोटोच्या मदतीने हुबेहूब नकला केल्या. दोन्ही "रेम्ब्रांट एचिंग" म्हणून विकली जातात. झिजलेल्या पत्र्याची पहिली खूण अंधारातच दिसते: जिथे मखमली काळं हवं तिथे करडं, आणि रेघांच्या जाळीतून कागद डोकावतो.

ॲमस्टरडॅमला जाणं झालं तर योडनब्रेस्ट्राटवरच्या रेम्ब्रांटच्या घरी जा. तो तिथे १६३९ ते १६५८ राहिला. त्याची जवळजवळ सगळी एचिंगं त्या संग्रहालयाकडे आहेत आणि एचिंगची प्रात्यक्षिकंही होतात. पण भिंतीवर ती सगळी एका वेळी नसतात, कागदाला उजेड सोसत नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आधी वेळ घेतली तर अभ्यासिकेत खरी प्रत टेबलावर आणून देतात, फुकट. पेन चालत नाही, पेन्सिल न्या, हात धुवून बसा. भिंग सोबत असू द्या.

प्रत पुढ्यात आली की आधी समोरून बघा, मग मान खाली घालून कडेने, कागदाच्या पातळीवरून. खाचांतली शाई कागदावर उंचवट्यासारखी उभी असते, आणि खिडकीतून उजेड तिरपा येत असेल तर सगळ्यात काळ्या जागी त्या रेघांची स्वतःची, केसाएवढी सावली पडलेली दिसते.